तार सप्तकातला गंधार

हेमांगीताईंच्या पोटात दुखायचं ते रेणूच्या गंधारामुळे. तोही तार सप्तकातला. तो लावण्याआधी रेणू कानाच्या पाळीला हात लावायची, गुरूचं नाव घेताना लावतात तसा. की लगेच कुरुंदवाडचं सगळं सभागृह माना डोलवायचं, हा अण्णांचाच गंधार म्हणून. नाटकी मेली, हेमांगीताई मनात म्हणायच्या.

दोघींचे गुरू अण्णा गेले. त्यांच्या पुण्यतिथीला शेवटची भैरवी आता कोणी गायची, हे ठरायचं होतं. हेमांगीताई थोरल्या शिष्या, पण गळा खर्जातला, वर चढायचा नाही. अण्णांच्या मागे तानपुरा छेडण्यातच उमेदीची वर्षं सरली. रेणू मागाहून आली आणि पुढे बसली. आता सांगा, जळायचं नाही तर काय आरती ओवाळायची?

तेवढ्यात पुण्यतिथी भरवणाऱ्या मंडळानं स्वरशोधक आणला. गंधार एक सप्तक वर गेला की कंपनं दुप्पट होतात, पण गंधार गंधारच राहतो. हे यंत्र स्वराची उंची काढून टाकायचं आणि वळण तेवढं ठेवायचं. अक्षर लहान काढा नाहीतर मोठं, हात कुणाचा ते लपतं का? तसंच. ते वळण कोणाकडून उचललंय, हे जुन्या ध्वनिमुद्रणांतून यंत्र शोधून द्यायचं.

हेमांगीताईंनी हट्टच धरला. ज्याचा गंधार अण्णांचा नाही, त्यानं भैरवीला बसायचं नाही. मंडळानं मानलं. रेणूनंही मानलं.

चाचणीच्या सकाळी रेणूनं कानाला हात लावला आणि गंधार लावला. मंडळाचे चिटणीस कित्तूरकर पडद्याकडे बघत राहिले. मग चाचरत म्हणाले की अण्णांशी जुळत नाही. हेमांगीताईंना अस्सा आनंद झाला की तो पदरानं झाकावा लागला. तरी मी सांगत होते, एवढंच त्या बोलल्या.

मग हा आहे तरी कोणाचा, म्हणून कित्तूरकरांनी तोच स्वर दोन सप्तकं खाली उतरवला. खोलीत एक जाड, किंचित घोगरा गंधार घुमला, आणि सगळ्यांच्या नजरा वळल्या.

"ताई, हा तुमचा आहे," कित्तूरकर म्हणाले. "अण्णांच्या मागे तानपुरा छेडताना तुम्ही गळ्यानंही सूर धरायचात ना, त्या मुद्रणांतला."

हेमांगीताईंना आठवलं. अण्णा दौऱ्यावर गेले की लहानग्या रेणूला समोर घेऊन सूर कोण घोटून घ्यायचं? त्याच. आणि रेणूचा गंधार त्यांचा निघाला, म्हणजे त्यांचा स्वतःचाही अण्णांचा नव्हताच. त्यांनीच घातलेल्या अटीनं भैरवीतून दोघीही बाद झाल्या होत्या. इतकी वर्षं त्या आपल्याच गळ्यावर जळत होत्या.

रेणू जवळ येऊन बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सुरात होता.

"ताई, मी कानाला हात कोणाच्या नावानं लावत होते, असं वाटलं तुम्हाला?"