भरणीचा कॅमेरा

२०७१ साली वाईट फोटो काढणं माणसाच्या हातात उरलं नव्हतं. हात हलू दे, उजेड नसू दे, लेन्सवर तेलकट बोट उमटलेलं असू दे, चित्र आपलं लख्ख यायचं. दुकानदार छातीठोकपणे म्हणायचे, "ताई, एकदा चुकून दाखवा!" आणि खरंच, कुणाला चुकता यायचं नाही. आता मला विचाराल तर खरी गोम तिथंच होती, पण मला विचारतो कोण!

मिरजेच्या निलोफर शिकलगारनं असलाच एक कॅमेरा घेतला. वय सव्वीस, नोकरी पाणीपुरवठा खात्यात, सिनेमाचा अनुभव शून्य. तिला आयुष्यात एकच फिल्म करायची होती, ती वडिलांवर. दस्तगीरभाई तानपुरे करायचे आणि त्यांची जवारी पुण्यापासून धारवाडपर्यंत नावाजलेली होती. जवारी म्हणजे काय, तर तारांखालच्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार त्याला जेमतेम शिवावी आणि आवाज भरून गुंजावा. केसभर जास्त घासलं की तानपुरा मुका. बाकीचे कारागीर कानस पुढं ढकलतात. दस्तगीरभाई ती स्वतःकडे ओढायचे, आणि ओढता ओढता मनगट जरासं वळवायचे. त्या वळणासाठी गाणारी माणसं वर्ष वर्ष थांबायची.

आता त्या हाताला कंप सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, फार तर दीड वर्ष काम होईल. आणि ते वळण दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं, कारण त्या घरात शिकवायची रीतच निराळी होती. तोंडानं काही सांगायचं नाही. शिकणाऱ्यानं समोर बसायचं आणि हात बघायचा. दस्तगीरभाई स्वतः सात वर्षं आपल्या बापाचा हात बघत बसले होते. "डोळ्यानं बघितलं की हाताला कळतं," एवढीच त्यांची शिकवणी. समोर बसायला आता कुणी येत नव्हतं. म्हणून निलोफरनं ठरवलं, अब्बांचा हात फिल्ममध्ये ठेवू, पुढंमागं कुणीतरी बघेल.

महिनाभर तिनं शूटिंग केलं. जे शूट व्हायचं ते रोज जेवणं झाली की वडिलांना दाखवायची. बिचाऱ्यांनी आपला हात समोरून कधी बघितलाच नव्हता. "या अल्ला, असा दिसतो होय माझा हात!" म्हणत ते एकच तुकडा दहा-दहा वेळा लावायला सांगायचे. निलोफर पडद्याकडे कुठं, अब्बांच्या चेहऱ्याकडेच बघत बसायची; केवढा अभिमान वाटायचा तिला!

आणि मग धारवाडहून गिरिजाबाई हिरेमठांचा फोन आला. चाळीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. "निलोफर, दस्तगीरभाईंनी काम दुसऱ्या कुणाला दिलं काय? आत्ता आलेला तानपुरा बोलतच नाही बघ."

कंपानं घात केला, असं तिला वाटलं. नेमका कुठं, ते बघायला तिनं फिल्म पहिल्यापासून लावली. आणि ती चक्रावलीच. पहिल्या दिवसाच्या चित्रात अब्बा कानस ढकलत होते. अहो, त्या दिवशी कॅमेऱ्याच्या मागं ती स्वतः उभी होती! डोळ्यांनी तिनं ओढताना बघितलं होतं आणि पडद्यावर हात ढकलत होता.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत कोंबून ती सांगलीच्या दुकानात गेली. तिथं गल्ल्यामागे डॉ. विदुला खासनीस बसायच्या. या बाईंनी ऐन उमेदीत या कॅमेऱ्याची चिप घडवणाऱ्यांत काम केलं होतं. निवृत्तीनंतर भाच्याच्या दुकानात बसून त्या नवशिक्यांना काय घ्यावं ते सांगायच्या.

"बिघडलेला नाही हा," त्या म्हणाल्या. "हा असाच चालतो. चित्रातल्या हजार ठिपक्यांपैकी एक ठिपका तो खरा बघतो. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव तो आपल्या मनानं भरतो. आम्ही त्याला भरणी म्हणायचो."

"मनानं म्हणजे कशानं?"

"आजवर जगात निघालेल्या अब्जावधी चित्रांवरून. अशा ठिकाणी बहुतेक वेळा काय असतं, तेच तो घालतो. म्हणून तर अंधारातही चित्र येतं."

"आणि माझ्या अब्बांचा हात?"

"कानस ढकलणारे हात लाखो, ओढणारा एक. तांदूळ निवडताना आपण खडा काढतो ना, तसा त्यानं काढला."

"माझा बाप खडा?" निलोफरचा आवाज एवढा चढला, की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. "तुम्ही हे केलंत आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "लोकांना सुंदर चित्र हवं होतं. आम्ही दिलं."

"मला सुंदर नको. मला माझा बाप हवाय. बिनभरणीचा कॅमेरा आहे का?"

बाईंनी माळ्यावरून एक वजनदार खोकं उतरवलं. "हा कोरा. समोरचा उजेड घेतो, बाकी काही करत नाही. पण ऐक, नवशिक्यानं याच्या नादी लागू नये. याला तिपाई लागेल, खिडकीचा उजेड लागेल, लेन्स हातानं फिरवून चित्र स्पष्ट करावं लागेल. शिवाय हल्ली एडिटिंगचं सॉफ्टवेअरही भरणी घालतं. चित्र आत घेताना, कापताना आणि शेवटी बाहेर काढताना ते विचारेल, सुधारू का? तिन्ही वेळा नाही म्हण. एकदा विसरलीस की संपलं. आणि ही फिल्म कुठल्या महोत्सवात घेणार नाहीत. कोऱ्या चित्रानं डोळे दुखतात म्हणे. लोक हसतील तुला."

"हसू देत की! घाला पिशवीत."

पहिले दोन दिवस नुसती फजिती झाली. कधी अब्बांचं डोकंच कापलेलं, कधी सगळं धुक्यात गेल्यासारखं. निलोफरनं त्या लेन्सला इतक्या शिव्या घातल्या, की अब्बांना हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी चांगला उजेड होता आणि हात एकदाचा स्वच्छ आला. शूटिंगभर तिचं लक्ष त्या लेन्सच्या चकतीवरच होतं. सॉफ्टवेअरला तिनं तीनदा ठणकावून नाही म्हटलं आणि फिल्म लावली.

कानस पुढं ढकललेली होती.

तिनं तणतणत खासनीसबाईंना फोन लावला. "फसवलंत मला! हाही भरतोय."

"त्याला भरताच येत नाही गं. त्यात भरणीच नाही. समोर असेल तेच येतं." मग बाईंनीच विचारलं, "निलोफर, आधीची फिल्म तू वडिलांना दाखवली होतीस का?"

"रोज. महिनाभर."

"अगं, मग ती त्यांच्यात भरली," बाई हळूच म्हणाल्या. "चिपवरची भरणी मला काढता आली असती. ही नाही येत."

निलोफरनं फोन ठेवला. जन्मभर हात बघून शिकलेला माणूस, आणि त्याच्यापुढं तिनं रोज खोटा हात धरला होता. दुसऱ्या कुठल्या घरात म्हाताऱ्यानं ते नुसती करमणूक म्हणून बघितलं असतं. इथं तो शिकला. तिला स्वतःचाच इतका राग आला, की डोळ्यांत पाणी यायलाही तयार नव्हतं.

ती तडक घरातल्या कारखान्यात गेली. "अब्बा, कानस ओढा. तुम्ही ओढायचात तशी."

"ओढतं का कुणी कानस?" दस्तगीरभाई हसले. "बेटा, तूच काढलेल्या फिल्ममध्ये बघ की. मी ढकलतोच."

"फिल्म खोटी आहे!"

"आणि एवढे दिवस मी बघितलं ते?"

तिनं पुढं होऊन त्यांच्या हातातली कानस काढून घेतली. ती कधी शिकायला बसली नव्हती, पण याच दारात बसून तिनं दहा वर्षं शाळेचा अभ्यास केला होता, आणि वहीतून मान वर केली की समोर तोच हात असायचा. तिनं घोडी धरली आणि कानस स्वतःकडे ओढली.

"चुकतेयस," अब्बा म्हणाले.

"चुकू द्या."

"वाया जाईल ती."

"जाऊ द्या. मी ओढणार."

चार घोड्या वाया गेल्या. रोज ऑफिसमधून आली की ती बसायची, आणि रोज अब्बा समोर बसून मान हलवायचे. फिल्म लावू का, म्हणून विचारायचे. ती नाही म्हणायची, सॉफ्टवेअरला म्हणाली होती त्याहून जोरात. पाचव्या घोडीला ओढता ओढता तिचं मनगट जरासं वळलं. तिनं तारा चढवल्या आणि पहिली छेडली.

आवाज खोलीभर झाला आणि राहिला. दस्तगीरभाईंनी डोळे मिटले. तार थांबली तरी ते तसेच बसून होते.

"कुणाचा हात बघितलास?" त्यांनी विचारलं.

"तुमचा, अब्बा."

त्यांनी आपला थरथरणारा हात वर करून नीट न्याहाळला आणि मान हलवली. "नाही बेटा. हा माझा नाही. पण ज्याचा कुणाचा असेल, त्याच्यासमोर जाऊन बैस. माझ्यापेक्षा फार मोठा कारागीर आहे तो."