पाटीवरचा सहावा चौकोन

खामगावच्या बसमध्ये मार्तंडच्या डब्यातला निळा रंग शैलजाच्या नव्या साडीवर सांडला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा तो बिचारा पार गोरामोरा झाला.

"द्या बाई, धुऊन देतो मी…"

"इथं? बसमंधी?" शैलजा कडाडली. पण डागाकडे पाहता पाहता तिचा राग कुठल्या कुठे पळाला. अगदी हाच निळा तिला हवा होता!

कारण तिची भाची कोकिळा. आठ वर्षांची पोर, आणि तिला मधुमेह. रोज तिची लघवी काचेच्या नळीत औषधाच्या पाण्यात उकळायची; पाणी निळंच राहिलं तर साखर नाही, विटकरी झालं तर फार. सुईचं औषध त्यावरून ठरायचं. शैलजा शाळेत शिकवायला गेली की कोकिळेची आई, म्हणजे शैलजाची थोरली बहीण झुंबरबाई, गोंधळून जायची. तिला ना वाचता येई, ना रंगांचा अंदाज.

शैलजाने सांगितलं आणि मार्तंडने पिंपळगाव राजाला त्यांच्या घरी येऊन पाण्याच्या पाच रंगांचे पाच चौकोन आणि प्रत्येकापुढे सुई किती ते चित्राने दाखवणारी पाटी करायला घेतली. खेपांवर खेपा झाल्या.

"लोक पाहुण्याले चहा देतात," काचेच्या नळीकडे पाहत तो म्हणायचा, "तुमी हे दाखवता!"

"मंग येता काऊन रोज?"

"रंग… जुळून नाही राह्यला ना."

रंग केव्हाच जुळला होता, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी झुंबरबाईने पाटी पाहून सुई अगदी बरोबर दिली. पण नैवेद्याआधी त्या घरात कोणी तोंडात घास घालत नसे, म्हणून लेकराला उपाशीच ठेवलं. दुपार टळली. जेवायला बोलावलेला मार्तंड ओसरीवर बसला होता, शैलजा शाळेतून नुकतीच परतली होती. एवढ्यात झुंबरबाई किंचाळली. कोकिळा घामाने चिंब झालेली, हात थरथरणारे, डोळे जड.

"साखर वाढली वं! दुसरी सुई दे!"

"नको अक्का, जीव जाईल तिचा!" शैलजाने कोकिळेला मांडीवर ओढलं. "साखर पार उतरली. गूळ आण!"

"गूळ? जहर आहे तो तिले!"

गूळ होता तो महालक्ष्म्यांपुढच्या ताटात, आणि ताटाशी उभी होती कोकिळेची आजी, झुंबरबाईची सासू रुखमाबाई. "नैवेद्य उष्टा होणार नाही," ती म्हणाली.

मार्तंडने शैलजाकडे पाहिलं… एकदाच. या घराने हाकललं तर पुन्हा भेट नाही, हे तिलाही कळलं. तिने मान हलवली. तो सरळ आत शिरला आणि ताटातला गूळ उचलला.

"गिळ माय… गिळ!" शैलजा गुळाचं पाणी थेंब थेंब तिच्या गालात सोडत होती. कोकिळा हलेना. आणि मग तो इवलासा गळा हलला. पुन्हा हलला.

"मावशी… भूक लागली."

झुंबरबाई रडतच खाली बसली. रुखमाबाईने पहिलं पान कोकिळेचं मांडलं. मग निघायला उठलेल्या मार्तंडकडे वळली, "कुठं चालला बे? बस. जेवल्याबिगर जायचं नाही."

जेवून जाताना सोबत नेलेली पाटी घेऊन तो चार दिवसांनी आला. तिच्यावर आता सहावा चौकोन होता: सुई, तिच्या लगेच पुढे भाकरीचं ताट, जेवणारी पोर, आणि वाढणारी एक बाई. बाईच्या साडीवर निळा डाग.

"हा डाग काऊन?" शैलजाने विचारलं.

"धुऊन द्यायचा राह्यला ना… आणा ती साडी."

"नाही देत."

"काऊन?"

"तशीच नेसून येईन म्हणते…" ती पदराशी चाळा करत म्हणाली, "तुमच्या घरी. कायमची."

मार्तंडच्या हातातली पाटी पडता पडता वाचली.