नोंदणी नसलेली सेविका

त्या खोलीला तपासणीत पैकीच्या पैकी गुण मिळाले.

म्हणजे, कागदोपत्री असं काही झालंच नाही. त्या दुपारी तिथे तपासणी झालीच नव्हती, असं खातं म्हणतं. दादाही तेच म्हणतो. फक्त म्हणताना मध्ये दोनदा पाणी पितो.

घटना खरी आहे. भूत म्हटलं की लोकांना काळोखी रात्र लागते, ओसाड विहीर लागते. इथे भर दुपार होती. तिसरा मजला, लिफ्ट बंद, जिन्यात कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि तो इतका रुक्ष माणूस आहे की त्याला खोटं सुचतच नाही.

त्याचं काम असं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी संस्था सेविका पाठवतात. त्या नीट करतात का, हे न कळवता जाऊन बघायचं. पाणी हाताशी आहे का? टाचा कशा आहेत? वेळेवर कूस बदलून दिली नाही की पहिली जखम टाचेला होते. ऑफिसात दादाला 'पोटकलम' म्हणतात. वहिनी म्हणते, हा माणूस झोपेतसुद्धा अटी लागू ठेवतो.

दार नुसतं लोटलेलं होतं.

आत आजोबा डाव्या कुशीवर पडलेले. चादरीला एक सुरकुती नाही. नखं कापलेली. गुडघ्यांमध्ये उशी. टाचा तान्ह्या बाळासारख्या. तोटीचा पेला अगदी ओठांपाशी, पाणी कोमट.

दादाला गहिवरून आलं. त्याला असं फक्त नियम पाळलेले बघून होतं.

"आजोबा, सेविका कुठेय?"

"आत आहे. चहा टाकतेय. बसा, तुम्हालाही टाकेल."

दादा आत गेला.

स्वयंपाकघरात... कुणीच नव्हतं.

पातेलं गरम होतं.

त्यानं जिन्यात येऊन संस्थेच्या पर्यवेक्षक बाईंना फोन लावला.

"बाई, तुमची सेविका उत्तम आहे. पण जागेवर नाही."

पलीकडून रडवेला आवाज.

"साहेब, टोमणे नका मारू. ती सोडून गेली त्याला महिना होत आला. दुसरी मिळत नाहीये. हे लिहिलंत तर आमचं दुकान बंद होईल हो."

"मग आजोबांचं करतं कोण?"

"कोण करणार? मूलबाळ नाही. बायको होती, ती गेल्या वर्षीच गेली."

तेवढ्यात आतून...

सप... फट. सप... फट.

अंगठा तुटलेली चप्पल ओढत कुणीतरी चालावं, तसं.

दादा आत धावला.

आजोबा उजव्या कुशीवर होते.

उशी गुडघ्यांमध्ये. नीट. आणि हा नाकावरची माशीसुद्धा स्वतः हाकलू न शकणारा माणूस.

"कूस कुणी बदलली?"

"हिनं. दुसरं कोण आहे मला? बरोबर केलंय ना? आधी जमत नव्हतं हो तिला. मला उचलायची आणि स्वतःच हसत बसायची. आता बघा कशी तरबेज झालीय."

घाबरली की माणसं देवाचं नाव घेतात. दादाला नियम आठवला. खोलीच्या मधोमध उभं राहून, हवेकडे बघत, तो मोठ्यानं म्हणाला,

"नोंदणी नसलेल्या व्यक्तीनं रुग्णाला हात लावू नये. लावत असल्यास सेवा तात्काळ थांबवावी."

आजोबांचा चेहरा उतरला.

"अहो साहेब, असं नका बोलू. ती ऐकते हो! साहेबलोकांनी सांगितलं की ती लगेच ऐकते. माझ्या पेन्शनसाठी वर्षभर कचेरीच्या बाकावर बसली, पण एका शब्दानं उलटून बोलली नाही."

सप... फट.

आवाज दाराकडे गेला. उंबऱ्याशी जरासा घुटमळला. मग सावकाश जिना उतरला...

"अगं," आजोबा म्हणाले. "अगं, ते तसं म्हणाले नाहीत गं."

पेला त्यांच्या पाठीमागे राहिला होता. कूस बदलल्यावर तो इकडे ठेवायचा असतो. तेवढ्याला तिला वेळ मिळाला नाही.

दादानं पाणी पाजलं. थोडं तोंडात, बाकी उशीवर. त्याला फक्त तपासता येतं, करता येत नाही.

नवी सेविका दादानंच भांडून मिळवली. चांगली आहे बिचारी. नोंदणी आहे, गळ्यात ओळखपत्र आहे. पण आजोबा तोंड मिटून दाराकडे बघत पडतात. कूस बदलायला गेलं की अंग आखडून घेतात.

टाच लाल व्हायला लागलीय.

आणि हल्ली दादाच्या ऑफिसच्या जिन्यावर, भर दुपारी, सगळे डबे खात असताना...

सप... फट.

दाराबाहेरच्या बाकापाशी येऊन थांबतं.

दादा डबा टाकून उठतो. बाक रिकामा असतो.

"आजी, घरी जा हो," तो बाकाला सांगतो. "माझी परवानगी आहे. चुकलो मी. पाया पडतो तुमच्या, जा."

बाक जरासा करकरतो. उठत कुणीच नाही. आयुष्यभर 'लेखी आणा' ऐकलेली बाई ती. तोंडी परवानगीवर कशी उठेल?

म्हणून त्यानं अर्ज केला. वरिष्ठांनी तो वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, "अरे पोटकलमा, थोडे दिवस रजा घे."

अर्ज अजून तिथेच पडून आहे.

"तरी विनंती की, सदर गृहिणीस आपल्या पतीच्या सेवेत पूर्ववत रुजू होण्याची लेखी परवानगी मिळावी. नोंदणी, ओळखपत्र व हयातीचा दाखला या अटी तिच्यापुरत्या शिथिल कराव्यात. सदर व्यक्ती बाहेर बाकावर बसून आहे. निर्णय कृपया आजच व्हावा, कारण तिकडे कूस बदलण्याची वेळ झाली आहे."