उलटा काटा आणि कांद्याचे सहा वाफे

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझे डोळे मोबाइलवर होते. 'उलटा काटा' मालिकेचा सोळावा भाग... काळात मागे गेलेला नायक पुलाच्या कठड्याला लटकलेला, एकेक बोट सुटत चाललेलं, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी बांधावरून ओरडायला लागलं.

"ओ ताई! पाणी कुठं चाललंय बघा की!"

मी न बघताच हात वर केला. "एक मिनिट हं..."

चिखलातून पावलं जवळ आली. कुणीतरी माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावलं आणि अगदी निवांतपणे म्हणालं, "हा न्हाय मरत. पुढच्या भागात त्योच भूतकाळातनं येतो आन् ह्याला वर वढतो."

मी ताडकन उठले. "कुणी इचारलं होतं तुमाला? पुढचं कशाला सांगितलं?"

"आन् तुमी माझं रोप बुडवलं, त्याचं काय?"

तेव्हा कुठे मी मान वळवली. नोव्हेंबरची सकाळ होती, त्या आठवड्यात शेतीची लाइट दिवसा होती, आणि माझ्या वडिलांची, आबांची, कंबर धरल्यामुळे उसाला पाणी द्यायला मी आले होते. सरी केव्हाच भरली होती. पाणी बांध फोडून शेजारच्या गेणबा तात्यांच्या रानात घुसलं होतं, जिथे कांद्याच्या रोपाचे सहा वाफे नुकते उगवायला लागले होते. आता तिथे गढूळ पाणी होतं आणि त्यावर काळं बी तरंगत होतं.

तो गेणबा तात्यांचा भाचा, कुशल. आम्ही या गावात यायच्या आधी, दहावीपर्यंत मामाकडे इथे अंथुर्ण्यातच वाढलेला, मग बारामतीला शेतीची पदवी घेतलेला. त्याच्या वडिलांनी, दादांनी, पुण्यात नोकरी ठरवून ठेवली होती, पण हट्ट करून याने एक हंगाम मागून घेतला होता. संक्रांतीपर्यंत सगळ्या रानात कांदा लागला तर इथे राहायचं, नाहीतर गुमान पुणं गाठायचं. हे सगळं त्याने आवाज न चढवता सांगितलं, म्हणून मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी परत टाकते रोप," मी म्हणाले. "उद्यापासनं येते."

"तुमी?"

"मग काय! नुसतं मोडून निघून जायला मी काय टीव्हीवरचा 'तांबडा गरुड' हाय?"

त्याचे डोळे एकदम चमकले. "का ओ? गरुडात काय वाईट हाय?"

झालं! हा प्रश्न मला कुणी विचारू नये. "एक चोर धरायला बारा इमारती पाडतो तुमचा गरुड. पाडतो आन् उडून जातो. राडारोडा कोण उचलतं? एका भागात तरी दाखवा की, गरुड फावडं घेऊन उभा हाय!"

तो इतका हसला की ओल्या बांधावरच बसला. मीही बसले. साडेदहापर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि त्यानंतर त्याने मला पुन्हा कधी ताई म्हटलं नाही.

बोलल्याप्रमाणे मी गेले. वाफे उकरले, बी टाकलं, झारीने पाणी घातलं. शेजारी तो, आणि आमच्या मधे वाद. मला वाटायचं, कपड्यावर झगा चढवला की माणूस लगेच शूर कसा होतो? त्याला वाटायचं, मी उगाच खुसपट काढते. पण नवा भाग आला की तो एकट्याने बघत नसे. दुपारची भाकरी झाली की बाभळीखाली बसून आम्ही एकाच मोबाइलवर बघायचो. इयरफोनचं एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या... वायर फारच आखूड होती, आणि लांब वायरीचा इयरफोन आणायचं दोघांपैकी कुणीच नाव काढलं नाही.

"तुमाला कुठली शक्ती पायजे?" त्याने एकदा विचारलं.

"लांबनं कोण येतंय ते वळखायची."

"आन् कोण यायला पायजे?"

मी मान खाली घालून तण उपटत राहिले. "...वायरमन."

"वायरमन! बरं बरं." तो हसू दाबत म्हणाला. "नशीबवान हाय वायरमन."

एकदा मात्र खरं भांडण झालं. मालिकेतला नायक मागे जातो, धरण फुटणार हे त्याला ठाऊक असतं, तरी तो गप्प बसतो. कारण त्या पुरातच त्याला त्याची नायिका भेटलेली असते. कुशल भारावून गेला होता. "पिरेम असावं तर असं!"

"हे पिरेम न्हाय, हावरटपणा हाय," मी म्हणाले, आणि त्या दिवशी बोललेच नाही. रात्रभर चुकल्यासारखं वाटत होतं. मला तो आवडत होता. रागाने बोलणं सोडावं आणि सकाळ व्हायची वाट बघावी, इतका आवडत होता.

साचलेल्या पाण्याच्या ओलीने सहातल्या दोन वाफ्यांना मर लागली, रोपं माना टाकून गेली. चार मात्र असे हिरवेगार आले की गेणबा तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दिवस कलला तरी लागवड सुरू होती. कुशल रोपांची जुडी हातात धरून नुसताच उभा होता.

"दादांचा फोन आलता," तो म्हणाला. "सहाचे चारच झाले म्हणत्यात. सोमवारी हजर व्हायचं पुण्याला... संध्याकाळी परत फोन करणारेत, नक्की काय ते ऐकायला."

गेलेल्या त्या दोन वाफ्यांच्या मागे माझा मोबाइल होता.

"माझ्यामुळं," मी कसंबसं म्हणाले.

"तसं न्हाय. खरं सांगू?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मला ते काळाचं यंत्र दिलं ना... तरी मी त्या सकाळी मागं जाऊन तुमचं पाणी न्हाय अडवणार. वाफे बुडले तर बुडू देत. न्हायतर तुमी भेटला नसता."

एखादी शहाणी मुलगी इथे लाजली असती. मला संताप आला.

"खुळं झालाय का तुमी? उगवलेलं रोप बुडू द्यायचं? मी जाईन मागं! मोबाइल गुंडाळून ठेवीन, सरी भरली की येळेत दारं मोडून पाणी फिरवीन, तुमचा एक कोंब भिजू देणार न्हाय. आन् मग..."

"मग?"

"मग बांध वलांडून मीच येईन. तुमचं नाव इचारायला. मला काय पाय न्हाईत?"

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. जुडी हलकेच सरीत ठेवून तो बघत राहिला, आणि मीही नजर काढली नाही. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला.

"व्हय दादा... न्हाय, सोमवारी न्हाय येत. हितंच राहतोय मी."

पलीकडचा आवाज इतका चढला की मलाही ऐकू आला. "चार वाफ्यांच्या कांद्यासाठी?"

कुशल कानापर्यंत लाल झाला. मातीने भरलेला हात त्याने माझ्यापुढे धरला, आणि मी तो घट्ट धरेपर्यंत उत्तर दिलं नाही.

"कांद्यासाठी पण," तो म्हणाला.