आबांना फेटा बांधला त्या दिवशी

बसा, सांगते. पर भ्यायचं न्हाय हां.

मी सारजा. भिगवणजवळ पाण्याची टाकी बांधायचं काम चालू हाय, तितं गेटवरच्या स्टोअरात हेल्मेट वाटते. माझं वडील तात्याबा, आमी आबा म्हणतो, तितंच गवंडी. साहेबांनी एक रिवाज पाडलाय. महिनाभर नेमानं हेल्मेट आन् कमरंचा पट्टा घालील, त्याचा समद्यांसमोर फेटा बांधून सत्कार. त्या महिन्यात मान आबांचा. जन्मात पयल्यांदा टाळ्या मिळाल्या, म्हातारा रडलाच.

आन् मग केली की माती! फेट्यावर हेल्मेट बसंना, आन् फेटा काही सोडवंना. गेलं तसंच परांचीवर.

सकाळचं उजनी धरणाचं धुकं दाटलेलं. माशांचा उग्र वास. वर काय बी दिसंना, नुसती थापीची टकटक. त्यांचं हेल्मेट घेऊन मी पळत शिडीपाशी गेले.

टकटक थांबली.

वर कुणीतरी हळू बोललं. बाईमाणूस.

"आबा... वाका जरा..."

अंगावर सर्रकन काटा आला. आवाज माझाच. आन् मी तर खाली, तोंड मिटून उभी!

तेवढ्यात धाडकन काहीतरी आदळलं. मला वाटलं, गेला माझा बाप. कशी चढले, ठावं न्हाय.

आबा फळीवर बसलेलं. बाजूला निसटून पडलेला लोखंडी पाइप. मांडीवर फेट्याची नीट घडी. डोक्यावर पिवळं हेल्मेट, वरनं चेपलेलं.

"आबा, ह्ये कुणी घातलं?"

"तूच की गं! फेटा सोडलास, वर चार शिव्या दिल्यास..." आबांनी माझा हात धरला. "मघाशी लई गार होतं गं तुझं हात..."

त्यांचं हेल्मेट माझ्या काखेतच होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. कुणी का असंना, माझा बाप राखला तिनं.

ते चेपलेलं हेल्मेट आमच्या स्टोअरचं न्हाय. मी ते स्टोअरातच खिळ्याला टांगलंय. पुढच्या सत्काराला साहेबांनी इचारलं, "या खेपेला कोण?" मी खिळ्याकडं बोट केलं. समद्यांनी टाळ्या वाजवल्या, आबांनी तर जोरात. तवापास्नं उघड्या डोक्यानं कुणी चढत न्हाय.

मी बी भीत न्हाय आता. फकस्त रोज सकाळी स्टोअर उघडलं, की त्या हेल्मेटचा आतला पट्टा घामानं ओला असतोय.