तुरीच्या डब्यातलं लेकरू

संत अंतोनी आताशा कामचुकार झाला आहे, अशी रत्नप्रभाबाईंची तक्रार होती, आणि ती त्या त्याच्या तोंडावरच करत.

“पाच मेणबत्त्या खाल्ल्या तू. पाच! अन् माहा पोट्टा कुठी हाये?”

यवतमाळला स्टेशनामागं बोटांवर मोजण्याइतकी कॅथलिक घरं. पाद्रीबाबा नागपूरहून महिन्यातून एकदा येत. बाकी दिवस सगळा कारभार बाईंच्या कोनाड्यातल्या अंतोनीच्या सागवानी मूर्तीकडे. हातभर उंच, अनवाणी, डाव्या हाताच्या बेचक्यात बाळ येशू. हरवलेलं शोधून देणं हे त्याचं काम. शेजारच्या नेमसिंगची शेळीसुद्धा त्यानं आणून दिली होती, आणि नेमसिंग तर ख्रिस्तावही नव्हता.

आता बाईंचा एकुलता एक सदाशिव हरवला होता. अठ्ठावन्न सालच्या भादव्यात सुतारकामाला म्हणून आर्णीकडे गेला, त्याला नऊ दिवस झाले. वाटेतल्या नदीला पूर होता. पोलीस ठाण्यातले लोक नदीचं नाव काढत, की बाई उठून येत.

दहाव्या दिवशी त्यांनी आपल्या आईचा उपाय केला. संत ऐकत नसला की त्याचं बाळ ओलीस ठेवायचं. सुरीनं खुंटी सैल करून त्यांनी बाळ उचललं आणि तुरीच्या डाळीच्या डब्यात खुपसलं.

“माहं आन, तुह्यं ने.”

“आत्याबाई, देवाचं लेकरू हाये ते!” सून रजनी कळवळली.

“अन् सदाशिव का वाटेवर पडला होता?”

दुसऱ्या दिवशी अंतोनीच्या पायांना काळी माती लागलेली होती. रजनीनं शपथ घेतली की तिनं हात लावला नाही. बाईंनी पाय धुतले. तिसऱ्या दिवशी माती घोट्यापर्यंत होती, तिच्यात गवताची काडी. तळव्यांचा रंग झिजून लाकूड दिसत होतं.

बाईंना भीती वाटली नाही. बरं वाटलं.

“फिरून राह्यला. फिरू दे.”

रजनी चौथी शिकलेली. दुपारी ती संतांच्या चरित्रांचं पुस्तक काढून बाईंना वाचून दाखवायची. माणसं ऐकेनात तेव्हा अंतोनी पाण्याच्या काठी गेला, आणि मासे डोकी वर काढून त्याचं प्रवचन ऐकत राहिले.

“मासोळ्याइसंग बोलाले येळ हाये त्याले,” बाई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी अंतोनी कमरेपर्यंत ओला होता. झग्याच्या चुणीत माशाचं खवलं चिकटलं होतं. मान किंचित वळली होती, डब्याच्या बाजूला.

 बाईंनी खवलं नखानं काढलं.

“पान्यात कायले गेल्ता तू?”



सहाव्या दिवशी, भर दुपारी, कोनाडा रिकामा होता.

“आले! आत्याबाई, आले!” रजनी दारातून ओरडली.

उंबऱ्यात सदाशिव उभा होता. तोच सदरा. कपाळावर सुतारकामात वाकस लागून झालेला तोच व्रण. रजनी रडत हसत त्याच्या पायांवर पाणी ओतत होती. पाणी काळं वाहत होतं. दुसरा तांब्या ओतला. काळंच.

बाई धावल्या. दोन्ही हातांत त्याचं तोंड धरलं. गाल थंड होता आणि त्याला मेणाचा वास येत होता.

त्याचा डावा हात कोपरात वाकलेला होता. तो सरळ होत नव्हता.

सदाशिव त्यांना माय म्हणायचा.

“बाई,” तो म्हणाला, “माहं लेकरू द्या.”

“कोनतं लेकरू जी?” रजनी हसली आणि ताट वाढायला आत पळाली. कितीतरी दिवसांनी तिच्या बांगड्या वाजल्या.

बाईंनी तो आवाज संपेपर्यंत ऐकला. मग त्याला पाटावर बसवलं, आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या,

“माहा पोट्टा भेटला तुले, नदीत. पन आनन्यासारखा नव्हता, म्हून तू सोताच आला. लबाड हायेस तू, अंतोनी. लेकरू नाही भेटनार. बस. जेव.”