मागच्या बाजूचं शेवटचं गाणं

दसऱ्याच्या दुपारी वेदिका अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गेली ती फक्त झेंडूच्या माळा पोचवायला. वडिलांचा छोटा कारखाना त्या दिवशी बंद होता आणि कामगार पेढे घेऊन घरी गेले होते. मागे थांबले होते एकटे गोरक्षकाका. आयुष्यभर पत्रा कापायची पॉवर प्रेस चालवून दहाही बोटं शाबूत, याचा त्यांना केवढा अभिमान!

प्रेसला हळदकुंकू लागलं, माळ चढली, नारळ फुटला. मग वेदिकाने पिशवीतून जुना टेपरेकॉर्डर काढला. ती पार्ट्यांना गाणी वाजवायची. टेक्नो संगीत हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा तिच्या मामाने परदेशातून एक कॅसेट आणली होती. मागच्या बाजूला शेवटी एक गाणं होतं, ना नाव ना गाव. जगाने ते ऐकल्याची कुठे खूण नव्हती. वेदिकाचा मात्र त्यावर जीव होता. ठोकान् ठोका पाठ.

पत्र्याखाली ते घुमायला लागलं तसे काका हसले.

"हे गाणं नाय पोरी, प्रेस चाललीय ही. आमी याच तालावर हात घालतो. ताल तुटला की हात बाहेर."

नारळाचं पाणी प्रेसच्या खालच्या साच्यावर, डायवर सांडलं होतं. गंज धरेल म्हणून काका फडकं घेऊन वाकले. वर प्रेसचा रॅम, पत्र्यावर आदळणारा जड ठोकळा, खाली त्यांचा हात. एरवी लोखंडी टेकू लावल्याशिवाय ते बोटसुद्धा आत घालत नसत.

"काका, टेकू?"

"मेन स्विच बंद हाय. आन् आज ती देवी हाय... आज नाय चावायची."

अर्ध्या ओढलेल्या शटरमुळे आत अंधारलेलं होतं. कापराचा आणि ऑइलचा वास एकमेकांत मिसळला होता. ठोके जड होत गेले. ते टेपमधून नाही, पायाखालच्या कोब्यातून येताहेत असं वेदिकाला वाटायला लागलं.

आणि ताल तुटला...

एकच ठोका गळला. तिथे तो कधीच गळत नसे.

काकांचा हात सवयीनेच झटक्यात बाहेर आला, आणि रॅम धाडकन खाली बसला. फडक्याच्या चिंध्या झाल्या. गाणं पुढे वाजतच होतं.

"काका... हात..."

"हाय गं... हाय."

त्यांनी एकेक बोट हलवून पाहिलं. मग दोघंही हसत सुटली, हसता हसता रडली, आणि एकच पेढा वाटून खाल्ला. रॅमला वर धरून ठेवणारा ब्रेक झिजला होता, तो दुसऱ्या दिवशी बदलला. वेदिकाला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. ते गाणं करणाऱ्या निनावी माणसाचं भलं होवो, असं ती मनापासून म्हणाली.

घरी येऊन तिने कॅसेट पुन्हा लावली. एकही ठोका गळलेला नव्हता.

आता ती प्रत्येक पार्टीत शेवटी तेच लावते. नाचता नाचता एका जागी सगळ्यांचे हात अचानक छातीशी येतात, एकाच वेळी, क्षणभर. का, म्हणून विचारलं तर लोक सहज सांगतात, "गाणं थांबलं होतं ना मध्येच."

वेदिकाला ते थांबलेलं पुन्हा कधीच ऐकू आलं नाही.